अवधाण

आमच्याकडे कोणी पुरुष पाहुणा आला, की चहा होईपर्यंत त्याला आमच्या ह्यांच्या मांडीला हात लावून बघावा लागे. “लाव रे, लाजतोस काय,” म्हणत हे त्याचा पंजा धरून लुंगीवरूनच मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. पंजाखाली धडधड लागली की पाहुणा दचकून हात काढायचा. मग ह्यांना आणखी चेव यायचा. “शीर नाही ती. पाइप आहे. कंपनीचा माल.”

पाइप खरंच होता. ह्यांनी रेल्वेची नोकरी सांभाळत आयुष्यभर विड्या ओढल्या. निवृत्तीनंतर घोलवडच्या आमच्या चिकूच्या वाडीत पूर्णवेळ लक्ष घालायला लागले, तेव्हा डाव्या पायाने संप पुकारला. विहिरीपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत जायचं तर पोटरीत गोळा यायचा आणि मध्येच एखाद्या झाडाला टेकून उभं राहावं लागे. अंगठा काळानिळा पडला तेव्हा मुंबईला नेलं. पायाला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी मांडीत बुजली होती. डॉक्टरांनी जांघेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत एक कृत्रिम नळी बसवून रक्ताला बाजूने वाट करून दिली. हे ती गोष्ट ठिबक सिंचनाच्या भाषेत सांगायचे. मेन लाइन चोक झाली, म्हणून बाजूने नवी लाइन ओढली, पाणी परत शेवटच्या झाडापर्यंत पोचलं. विड्या सुटल्या, पाय चालायला लागला, आणि एखाद्याने नवी मोटरसायकल दाखवावी तसे हे ती नळी गावभर दाखवत सुटले.

मी तलासरी तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका होते. वर्षानुवर्षं बसने जाऊन-येऊन मुलांना ओरडायची सवय झालेली, ती निवृत्त झाल्यावर सगळी ह्यांच्या वाट्याला आली. ह्या प्रदर्शनाची मला लाज वाटायची, आणि रागही यायचा. पण खरं सांगायचं तर राग वरवरचा होता. खाली भीती होती. एखादी वस्तू अंगात आहे, रोज रक्त वाहून नेते आहे, आणि तरी ती अंगाची नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, “ताप आला, जांघेत सूज आली, तिथून पाणी यायला लागलं, तर थांबायचं नाही. थेट इथे यायचं.” आम्ही दोघांनी माना हलवल्या होत्या. ते वाक्य मला तेव्हाही तोंडपाठ होतं आणि आजही आहे.

आणि तरीही पुढचं सगळं घडलं. ते कसं घडलं, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आधी अवधाण म्हणजे काय ते सांगायला हवं.

पायाला जखम झाली, ती चिघळली, की जांघेत गाठ येते. हाताला झाली की काखेत. ती ठणकते, कधी कणकण येते, आणि जखम बरी झाली की गाठही बसते. तिला अवधाण म्हणतात. आमच्या भागात अनवाणी चालणारी, काट्याकुट्यात काम करणारी माणसं. अवधाण माहीत नाही असं पोर सापडणार नाही. जांघेत गाठ आली की कोणी गाठीकडे बघत नाही, तळपाय वर करून काटा शोधतात. काटा सापडला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्या हिवाळ्यात वाडी लगडली होती. जाळी लावलेले लांब बांबू घेऊन बायका-माणसं सकाळपासून तोडणीला लागत, दुपारी शेडमध्ये निवड आणि भरणी चाले, आणि संध्याकाळपर्यंत क्रेट रवाना व्हायचे. हे दिवसभर झाडांखाली. कुंपणाला खजुरीच्या वाळक्या झावळ्या लावलेल्या, त्यातला एक काटा ह्यांच्या डाव्या टाचेत चप्पल फोडून घुसला. घरी येऊन ह्यांनी सुईने काढला, हळद दाबली आणि जेवायला बसले. टाच चिघळली. पुढच्या आठवड्यात डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली.

पहिल्यांदा शेडमधल्या निवड करणाऱ्या बाईने विचारलं, “दादा, लंगडता का?” ह्यांनी टाच दाखवली आणि जांघेवर हात ठेवला. “अवधाण आलं मग,” ती म्हणाली आणि चिकू निवडायला लागली. शेजारच्या वाडीवाल्याने तेच सांगितलं. मी तेच म्हटलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गाठ बघायच्या आधी टाच बघितली. ते गोळ्या लिहून देताना एवढं मात्र बोलले, “तिथेच ती नळी आहे ना तुमची? एकदा मुंबईला दाखवून या.”

“सीझन संपला की जातो,” हे म्हणाले. मलाही ते पटलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सूज आली तर या असं सांगितलं होतं. पण सूज म्हणजे उगाच, कारण नसताना आलेली. हिला तर कारण होतं. काटा होता, टाच होती, आणि तिला आजीपणजीपासून चालत आलेलं नाव होतं. नाव असलेल्या गोष्टीची कोणाला भीती वाटत नाही.

गोळ्यांनी गाठ बसल्यासारखी झाली. गोळ्या संपल्या आणि ती परत आली, बरोबर बारीक तापही. मग जवळच्या झाई गावाहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्संनी धाकट्या भावाला लहानपणी कडेवर वागवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे ह्यांचं आणि माझं दोघांचंही काही चालत नाही. बसमधून उतरल्या त्या पिशवीत आंबेहळद आणि सहाण घेऊनच.

“गोळ्यांनी अवधाण दबतं, जात नाय,” त्या म्हणाल्या. “त्याला पिकू दे. पिकून फुटलं का मोकळा होतोय भाऊ माझा.”

सकाळ-संध्याकाळ लेप सुरू झाला. विटकर तापवून, फडक्यात गुंडाळून शेक सुरू झाला. त्या विटकरीखाली काय होतं ते आता मला माहीत आहे. तेव्हा घरात उलट एक प्रकारची गोडी होती. बहीण उगाळते आहे, बायको लेप लावते आहे, आणि हे पडल्यापडल्या दोघींची थट्टा करताहेत. “दोन-दोन नर्सा,” हे म्हणायचे. “रेल्वेच्या दवाखान्यात एक पण नाय मिळायची.”

एका सकाळी मी लेप लावत असताना माझी बोटं थांबली. टाच तोवर पूर्ण बरी झाली होती. खपली पडून खाली गुलाबी कातडी आली होती. गाठ मात्र होती तिथेच होती, उलट थोडी मोठी, आणि माझ्या बोटांखाली ती उडत होती. ठणकत नव्हती. प्रत्येक ठोक्याला वर येत होती आणि खाली जात होती, आणि माझी बोटंही तिच्याबरोबर वरखाली होत होती.

“अहो, हिला ठोका आहे,” मी म्हटलं.

“पाइप आहे ना खाली. ठोका असणारच. इतकी वर्षं सगळ्यांना काय दाखवतोय मी?”

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी सहाणेवरून मान वर केली, क्षणभर माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि परत उगाळायला लागल्या. त्या दिवसापासून मी लेप लावायचं टाळू लागले. काहीतरी कामाचं निमित्त काढायचे आणि वन्सं लावायच्या. मला वाटतं, अंगाला कळलेलं असतं आणि डोकं ते ऐकून घ्यायला तयार नसतं.

मग ते फुटलं. दुपारची वेळ होती, हे ओटीवर झोपाळ्यावर पडले होते. लुंगीला ओल लागली म्हणून बघितलं तर आधी थोडा पू, आणि त्याच्या मागोमाग लालभडक रक्ताची एक बारीक धार आली. वन्संनी फडकं दाबलं. चहा उकळेपर्यंत रक्त आपोआप थांबलंसुद्धा.

“फुटलं एकदाचं,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी डहाणूच्या महालक्ष्मीच्या दिशेने हात जोडले. “निचरा झाला.”

त्या संध्याकाळी आमच्या घरात सण असल्यासारखं होतं. ह्यांचा ताप उतरला होता. गाठ मऊ पडली होती. वन्संनी सणाला करतात ती गोड रवळी केली, ह्यांनी दोनदा मागून घेतली. फोनवर नागपूरच्या लेकीला मी स्वतः सांगितलं, “अगं, बाबांचं अवधाण फुटलं, आता काळजी नाही.” पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की तो रक्ताचा पहिला छोटा झटका म्हणजे शेवटची सूचना असते. नळी आणि रक्तवाहिनी जिथे एकमेकींना शिवलेल्या असतात तो सांधा सुटायला लागलेला असतो. एकदा थोडं रक्त येतं, गुठळी बसते, थांबतं. मग काही तास जातात, काही वेळा काही दिवस. त्यानंतर जे येतं ते थांबत नाही. आम्ही त्या सूचनेवर रवळी खाल्ली होती. हे मला अजून गिळता येत नाही.

वन्सं निश्चिंत होऊन झाईला परत गेल्या. हे वाडीत जायला लागले. काही दिवसांनी, सकाळी उन्हं वर आल्यावर, मी पडवीत कपडे वाळत घालत होते. शेडकडून ह्यांचा आवाज आला.

“अगं, जरा इकडे ये. धावू नको.”

आवाज अगदी शांत होता. चष्मा मागावा तसा. मी पिळे तसेच दोरीवर टाकून गेले. हे उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले होते, दोन्ही हात जांघेवर, आणि बोटांच्या फटींतून रक्त उसळत होतं. खालची माती काळी झाली होती, निवड करून ठेवलेल्या चिकूंवर शिंतोडे उडाले होते. शेडमधली बाई भिंतीला पाठ लावून उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. ते रक्त ठोक्याठोक्याने येत होतं, पाहुण्यांच्या पंजाखाली जो ठोका लागायचा त्याच ठोक्याने, आणि ते बघताना मला सगळं एकदम कळलं. अवधाण नव्हतंच.

मी पदराचा बोळा करून मूठ त्या जागेवर रोवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. हे कण्हले. रक्त मंदावलं. जरा मूठ सरकली की परत उसळायचं, मग मी मूठ हलवायचंच सोडून दिलं.

शेजारच्या वाडीवाल्याचा पिकअप क्रेट भरून निघण्याच्या बेतात होता. त्याने आणि दोन माणसांनी मागचे क्रेट भराभर खाली फेकले, गोणपाटं पसरली, आणि ह्यांना आडवं घातलं. मी मूठ न काढता गुडघ्यावर रांगत वर चढले. कशी चढले ते मला आठवत नाही. हौद्यात पुढे राहिलेल्या क्रेटमधल्या पिकलेल्या चिकूंचा वास कोंडला होता. मी जन्मभर त्या वासात राहिले, पण त्या दिवसापासून पिकलेला चिकू मी तोंडात घातलेला नाही.

तलासरीच्या दवाखान्यात गाडी थांबली तेव्हा भोवती माणसं जमली, आणि त्यातली निम्मी माझ्या ओळखीची. “बाई? बाई तुम्ही?” असं कोणीतरी म्हणालं. ज्या गावात मी पदर खांद्यावरून सरकू दिला नाही, तिथे विस्कटलेल्या साडीत, नवऱ्याच्या जांघेत मूठ घालून मी रांगत उतरत होते. आणि मला त्या अवस्थेतही लाज वाटली, हे मी लिहून ठेवते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या मुठीकडे बघितलं, मग ह्यांच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे.

“नळी टाकलेली आहे का इथे?”

मी हो म्हटलं.

“मग मूठ काढू नका, बाई. पट्टी बांधायला पण नाही. आम्ही हातात सुया लावतो, तुम्ही आहात तशाच वापीला जा. तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत, मी फोन करतो.”

रुग्णवाहिका हायवेला लागली. सलाइनची बाटली डोक्यावर हलत होती. हे मधूनमधून डोळे उघडत होते. एकदा म्हणाले, “पाय राहू दे म्हणावं.” मी म्हटलं, “गप्प राहा.” माझ्या मुठीला तोवर मुंग्या येऊन ती बधिर झाली होती आणि तिच्याखाली ठोका आहे की नाही ते मला कळेनासं झालं होतं. मी ह्यांच्या छातीकडे बघत राहिले. ती वरखाली होत होती.

वापीचे सर्जन गुजराती, मराठी मोडकंतोडकं पण समजेलसं. ऑपरेशनच्या दारात माझी मूठ काढून त्यांच्या सहकाऱ्याने आपली लावली, आणि मला ते दोन मिनिटं बाजूला घेऊन गेले.

“बेन, नीट ऐका. गळू नाही हे. जी नळी टाकली, तिलाच इन्फेक्शन. आपल्या मांसात औषध पोचते. नळीत रक्त नाही, जीव नाही, तिच्यावर जंतू बसले तर औषध काय करणार? ती ठेवली तर माणूस जाईल. ती पूर्ण काढावी लागेल.”

“मग पायाला रक्त?”

“उजव्या पायातली एक शीर काढतो, तिची नवी वाट करतो, घाण जागा सोडून लांबून. जांघेत मांडीचा स्नायू वळवून वर झाकण घालतो. पण ती शीर चालेल का, सांगत नाही. जंतू तिलाही खाऊ शकतात. नाही चालली तर पाय कापावा लागेल. गुडघ्याच्या वर.” ते थांबले. “आत गेल्यावर पाय की माणूस असा टाइम आला, तर मी विचारायला बाहेर येणार नाही. आता सांगा.”

ह्या माणसाचा सगळा दिवस दोन पायांवर जात होता. झाडाखाली उभं राहून वर बघायचं आणि कुठला चिकू आज, कुठला परवा, ते ठरवायचं, ह्याच्यापलीकडे ह्यांना म्हातारपणाकडून काही नको होतं. रुग्णवाहिकेत मागितलं तेही तेवढंच. आणि मी सर्जनना म्हटलं, “माणूस आणा बाहेर. पाय राहिला तर राहिला.” सही केली तेव्हा बोटांत पेन धरवेना, मूठ उघडतच नव्हती.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. सर्जन बाहेर आले ते हातात एक स्टीलचा ट्रे घेऊन. त्यात ती नळी होती. कंपनीचा माल. करडी पडलेली, बुळबुळीत, तिच्यावर शेवाळासारखा थर.

“बघा,” ते म्हणाले. “चांगली असती तर मांस हिला धरून बसलं असतं. कापून सोडवावी लागली असती. ही दोन बोटांनी ओढली, सरळ बाहेर आली. शरीराने हिला कधीच सोडून दिली होती.”

ज्या नळीवर घोलवडच्या अर्ध्या गावाने हात ठेवला होता, ती आत कशालाच चिकटलेली नव्हती. मी विचारलं, “आणि पाय?”

“आत्ता गरम आहे,” ते म्हणाले.

पाय राहिला. पुढचे आठवडे जखमेवर पंप लावलेली पट्टी, शिरेतून औषधं, आणि रोज सकाळी सर्जनचं बोट ह्यांच्या पावलाच्या पाठीवर. तिथे नाडी कशी शोधायची ते त्यांनी मलाही शिकवलं. नागपूरहून आलेली लेक शिकली नाही. तिला बघवत नव्हतं. वन्सं एकदाच भेटायला आल्या, पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आणि भावाच्या तळपायावरून हात फिरवत राहिल्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, “मीच म्हटलं ना, पिकू दे.” मी म्हटलं, “वन्सं, आपण सगळ्यांनीच म्हटलं.” त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, तसंच होतं म्हणून.

घरी सोडताना सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवलं. “नवा सांधा पण त्याच जागेजवळ आहे. चांगला राहील अशी आशा. खात्री नाही. पहिले महिने जास्त धोका, पण नंतर पण मी शून्य म्हणणार नाही. परत रक्त आलं तर स्वच्छ कपडा, जाड घडी, मूठ, पूर्ण वजन. थांबलं का बघायला उचलायचं नाही. आणि आवाज द्यायचा.” हे हसून म्हणाले, “आवाज द्यायचं काम माझं ना?” सर्जन हसले नाहीत.

त्यानंतर मी घरभर नॅपकिन ठेवले. स्वच्छ धुतलेले, जाड घडीचे. पलंगाशेजारी, न्हाणीत खुंटीला, झोपाळ्याच्या कडीला, स्वयंपाकघराच्या दारामागे. ह्यांना थट्टेला विषय मिळाला. “सलून काढलंस का गं? दाढीचे किती घेतेस?” पाहुण्यांनाही हेच सांगायचे. मांडीला हात लावू देणं बंद झालं होतं, त्याची भरपाई हे अशी करायचे. सकाळी मी पावलावर नाडी शोधायचे तेव्हा आढ्याकडे बघत विचारायचे, “आहे का दुकान चालू?” मी “आहे” म्हटलं की उठून चहा मागायचे. आणि काठी टेकत वाडीत जायचे.

मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्या बेफिकिरीचा. पाइपची ऐट करणारा माणूस पाइप गेल्यावरही तसाच, आणि दोघांची मिळून असलेली भीती मी एकटीने वागवायची. हे वाडीत असले की माझे कान शेडकडे लागलेले असायचे. “अगं, जरा इकडे ये” हे वाक्य मी ह्यांना परत कधी उच्चारूही दिलं नाही. काही हवं असेल तर वस्तूचं नाव घेऊन ओरडा, असं बजावलं होतं. त्यात कपाटातले नॅपकिन कमी व्हायला लागले. मी विचारलं की म्हणायचे, “वाऱ्याने गेले असतील.” मी त्यावरूनही भांडले.

गेल्या पावसाळ्यात एकदा हे खत आणायला डहाणूला गेले होते. पावसाने उघडीप दिली होती म्हणून मी वाडीत चक्कर मारायला निघाले. एका झाडाच्या बुंध्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली दिसली. तोडणीवाल्या कोणाची भाकरी राहिली असेल असं वाटून मी वाकून सोडली. आत माझा नॅपकिन होता. जाड घडीचा.

दोन झाडं सोडून दुसरी पिशवी होती. विहिरीच्या कट्ट्याशी एक. शेडच्या खांबाला एक. ह्यांच्या रोजच्या वाटेने मी चालत गेले, आणि जिथे जिथे हे थांबतात, वर बघतात, टेकतात, तिथे तिथे एक पिशवी, तोंडाला सुतळीची एका ओढीत सुटणारी गाठ मारलेली. सगळ्या खाली बांधलेल्या होत्या, माझ्या गुडघ्याइतक्या. इतक्या खाली का, ते मला लगेच कळलं नाही. मग मी चिखलात तशीच खाली बसले आणि हात लांब केला. खाली पडलेल्या माणसाचा हात पोचेल, तितक्या उंचीवर त्या होत्या.

मी तिथे बराच वेळ बसून रडले. एवढी वर्षं संसार करून मला वाटलं होतं, की घाबरायचं काम ह्या घरात माझ्या एकटीचं आहे.

एका पिशवीत पाणी शिरून नॅपकिनला बुरशी धरली होती. तो तेवढा घरी आणला, उकळत्या पाण्यात धुतला, इस्त्री फिरवून कोरडा केला, नव्या पिशवीत घातला, आणि हे यायच्या आत परत जाऊन त्याच झाडाला, त्याच उंचीवर, तशाच गाठीने बांधून आले.

हे आले तेव्हा मी पायरीवर पाय धूत होते.

“वाडीत गेली होतीस?”

“हो. झाडं बघायला.”

“कशी आहेत?”

“ठीक आहेत सगळी,” मी म्हटलं. “तुम्ही चप्पल सांभाळून घालत जा.”